जानेवारीत उन्हाळा असलेला देश

१९ जून १९६६. ल मॉंची चोवीस तासांची शर्यत संपत आली होती आणि फोर्डच्या गाड्या मुद्दाम वेग कमी करून एकमेकींजवळ आल्या होत्या. फेरारीला हरवल्याचं छायाचित्र जगभर छापून यावं, अशी कंपनीची इच्छा होती. पुढच्या दोन गाड्या बरोबरीने रेषा ओलांडणार होत्या, पण बरोबरीचा निकाल नियमात बसत नव्हता. सुरुवातीच्या रांगेत जी गाडी थोडी मागे उभी होती तिने तेवढंच जास्त अंतर कापलं, असा हिशेब होऊन ती विजयी ठरली. त्या गाडीत होते ब्रूस मॅकलारेन आणि ख्रिस एमन. दुसऱ्या ठरलेल्या गाडीत केन माइल्स आणि डेनी हल्म. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा चित्रपट पाहिलेल्यांना माइल्सच्या हातून निसटलेला विजय आठवत असेल. चित्रपट त्याचाच होता, त्यामुळे बाकीचे तिघे कडेला राहिले. पण हे बाकीचे तिघेही न्यूझीलंडचे होते. पहिल्या दोन गाड्यांत चार चालक आणि त्यातले तीन अशा देशाचे, ज्याची लोकसंख्या तेव्हा सत्तावीस लाखांच्या आसपास होती. एकट्या मुंबईत त्या काळी याहून जास्त माणसं राहत होती.

न्यूझीलंड म्हटलं की आपल्याला हॅडली आठवतो, विल्यमसन आठवतो, फार तर रग्बीचे काळे शर्ट. मोटारशर्यतींत या देशाने काय केलं याचा हिशेब सहसा फॉर्म्युला वनपुरता मांडला जातो, आणि तो असा: आजवर दहा चालक, मॅकलारेनचे चार आणि हल्मचे आठ मिळून बारा विजय, १९६७चं एक जगज्जेतेपद, आणि १९८४नंतर तब्बल तेहतीस वर्षं रांगेत कोणीच नाही. यातून जी कथा तयार होते तीही ठरलेली आहे. सुवर्णकाळ आला, गेला, उरल्या आठवणी. मला ही कथा पटत नाही. आकडे खरे आहेत, पण ते एकाच खिडकीतून मोजलेले आहेत.

आधी प्रश्न असा, की मुळात हे तिथे घडलं कसं? न्यूझीलंडमधली माणसं स्वतः याचं श्रेय गॅरेजला आणि शेतघराला देतात. त्यात तथ्य आहे. १९३८पासून तिथे आयातीवर परवान्यांचं बंधन होतं. नवी गाडी हवी तर परदेशी चलन हवं, ते नसेल तर वर्षानुवर्षं वाट पाहा. परिणामी जुनी गाडी टाकून देणं परवडत नसे. ती उघडायची, दुरुस्त करायची, दुसऱ्या मोडक्या गाडीचे भाग तिला जोडायचे. शेतावरची पोरं पाय पेडलपर्यंत पोचले की ट्रक-ट्रॅक्टर हाकू लागत. रस्त्यावर गाडी चालवण्याचा परवाना २०११पर्यंत पंधराव्या वर्षी मिळत असे. मॅकलारेनच्या वडिलांचं ऑकलंडच्या रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं. नवव्या वर्षी ब्रूसला पर्थेस नावाचा खुब्याचा आजार जडला, जवळपास दोन वर्षं तो रुग्णालयवजा आश्रमात खाटेला खिळून होता, आणि त्यातून उठला तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला होता. वडिलांनी आणलेली जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर त्याने त्यांच्याबरोबर खोलून पुन्हा बांधली आणि मुरिवाईच्या चढावर पहिली स्पर्धा केली, तेव्हा तो पंधराच्या आगेमागे होता.

पण नुसत्या जुगाडाने जगज्जेते घडत असते तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून दोन-चार तरी निघायला हवे होते. हात कुशल असणं आणि त्या हातांची गाठ जगातल्या सर्वोत्तम माणसांशी पडणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते न्यूझीलंडचं खरं भांडवल होतं त्यांचा जानेवारी.

युरोपातला हंगाम शरद ऋतूत संपायचा. मग हिवाळाभर गाड्या शेडमध्ये, चालक रिकामे, संघमालकांना पैशाची चणचण. त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला भर उन्हाळा. युद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या तिथे हाताशी होत्या. ऑकलंडजवळच्या आर्डमोर विमानतळावर १९५४पासून न्यूझीलंड ग्रां प्री भरू लागली. ख्राइस्टचर्चला विग्रमचा हवाई दलाचा तळ होता. पुढे १९६३ला पुकेकोहेचं सर्किट आलं, थेट दक्षिणेला इन्व्हरकार्गिलजवळ टेरेटोंगा त्याआधीपासूनच होतं. १९६४मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या शर्यती मिळून टास्मन मालिका सुरू झाली. अडीच लिटरची इंजिनं, जानेवारी-फेब्रुवारीचे आठवडे. पहिल्या वर्षी मॅकलारेन जिंकला. त्यानंतर जिम क्लार्क तीनदा, जॅकी स्टुअर्ट एकदा. ग्रॅहम हिल आला, योखेन रिंट आला. थोडक्यात, जगज्जेते दर उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला असत. दिवसा शर्यत, संध्याकाळी पोहणं आणि पार्ट्या.

स्थानिक पोराच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. क्लार्कपेक्षा आपण एका फेरीत किती सेकंदांनी मागे आहोत, हे त्याला विमानाचं तिकीट न काढता कळत होतं. आणि परदेशी संघमालकालाही तो पोरगा डोळ्यांसमोर दिसत होता. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम उन्हाळ्यात तिकडे यायचा, मॅकलारेन कुटुंबाशी त्याची ओळख झाली, ब्रूसला कूपर संघाची वाट त्यानेच दाखवली. याला जोड मिळाली स्थानिक संयोजकांच्या एका योजनेची. दरवर्षी एका होतकरू चालकाला खर्चासह युरोपात पाठवायचं. १९५८चा पहिला मानकरी मॅकलारेन. त्याच वर्षी न्यूरबर्गरिंगवर जर्मन ग्रां प्रीत त्याने फॉर्म्युला टूच्या लहान गाडीतून मोठ्यांच्या बरोबरीने धावून पाचवा क्रमांक पटकावला. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये सेब्रिंगला शेवटच्या फेरीत ब्रॅबमचं इंधन संपलं, तो गाडी ढकलत रेषेकडे निघाला आणि त्याचा सहकारी ब्रूस पुढे निघून जिंकला. वय बावीस. इंडियानापोलिसचा अपवाद सोडला तर इतक्या लहान वयात ग्रां प्री जिंकण्याचा हा विक्रम २००३मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडेपर्यंत टिकला.

या शिष्यवृत्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६०ला दोघे निवडले गेले, डेनी हल्म आणि जॉर्ज लॉटन. त्याच वर्षी सप्टेंबरात डेन्मार्कच्या रॉस्किल्ड सर्किटवर लॉटनचा मृत्यू झाला. हल्म त्या वेळी तिथेच होता.

हल्म म्हणजे मॅकलारेनचा उलटा नमुना. वडील क्लाइव्ह हल्म यांना १९४१च्या क्रीटच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, नंतर त्यांचा ट्रकचा धंदा. डेनी ट्रक चालवतच वाढला आणि सुरुवातीला अनवाणी पायांनी शर्यती करायचा. इंग्लंडला गेल्यावर तो ब्रॅबमच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून राबला, आणि चालकाची जागा मिळायला त्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली. बोलायला तुटक, पत्रकारांना न आवडणारा. त्याला ‘अस्वल’ म्हणत. १९६७ला त्याने मोनाको आणि जर्मनी जिंकून ५१ गुणांनी जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा ४६ गुणांवर दुसरा होता खुद्द त्याचा मालक जॅक ब्रॅबम. ब्रॅबम नवे भाग आधी स्वतःच्या गाडीवर लावून पाहायचा, ते तुटायचे. हल्मची जुनी, पारखलेली गाडी शर्यत पुरी करायची. न्यूझीलंडच्या फॉर्म्युला वनमधल्या एकमेव जगज्जेत्याची आठवण त्याच्याच देशाबाहेर सर्वांत कमी निघते, याचं मला कोडं वाटत नाही. किस्से पुरवणारी माणसं लक्षात राहतात, आणि हल्म किस्से पुरवत नसे.

मॅकलारेनने १९६३मध्ये स्वतःची कंपनी काढली. आज या नावाची गाडी वोकिंगमध्ये बनते आणि मालकीचा पैसा आखाती देशांतून येतो, म्हणून ती न्यूझीलंडची निर्मिती आहे हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं; सुरुवातीच्या वर्षांत मात्र गाडीवर किवी पक्षी रंगवलेला असे. १९६८ला स्पा इथे ब्रूस स्वतःच्या नावाची गाडी चालवत जिंकला. अमेरिका-कॅनडातल्या कॅन-अॅम मालिकेत तर त्याने आणि हल्मने बाकीच्यांना काही शिल्लकच ठेवलं नाही. १९६९च्या अकराच्या अकरा शर्यती मॅकलारेनच्या. बक्षिसाची रक्कमही घसघशीत असे, त्यावर फॉर्म्युला वनचा संघ पोसला जात होता. मग २ जून १९७०. गुडवूडला नव्या गाडीची चाचणी घेताना मागचा पत्रा सुटला आणि ब्रूस गेला. वय बत्तीस. हल्मचे हात त्याआधी काही दिवस इंडियानापोलिसला भाजले होते. बारा दिवसांनी मॉस्पोर्टला कॅन-अॅमची पहिली शर्यत होती. तो त्या हातांनी गाडीत बसला, तिसरा आला, आणि वर्षअखेर मालिका त्याने जिंकली.

आता एमन. बुल्स नावाच्या गावच्या मेंढपाळ शेतकऱ्याचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये, तेविसाव्या वर्षी फेरारीत. १९६७च्या मे महिन्यात मोनाकोला त्याचा सहकारी बांदिनी जळून मेला, जूनमध्ये पार्क्सचे पाय मोडले, स्कार्फिओत्तीने अंग काढून घेतलं. हंगामाच्या मध्यावर फेरारीची सगळी जबाबदारी न्यूझीलंडच्या या पोरावर आली. पाच पोल पोझिशन, नव्वदहून अधिक शर्यती आणि विजय शून्य. १९६८ला स्पेनमध्ये आघाडीवर असताना इंधनपंप गेला. त्याच वर्षी कॅनडात बहात्तर फेऱ्या पुढे राहून गाडीची यंत्रणा मोडली. १९६९ला पुन्हा स्पेन, पुन्हा मोठी आघाडी, इंजिन जाम. कंटाळून त्याने फेरारी सोडली, आणि ज्या नव्या इंजिनावर त्याचा विश्वास बसत नव्हता त्यानेच पुढच्या वर्षी शर्यती जिंकल्या. १९७१ला मॉन्झावर पुढे असताना हेल्मेटच्या काचेवरची फिल्म काढायला गेला तर अख्खी काचच निघाली. १९७२ला क्लेरमाँ-फेराँवर चाक पंक्चर. तरी मागून येत तिसरा. तो अंत्यविधीचं सामान विकू लागला तर लोक मरायचे थांबतील, असा विनोद मारिओ आंद्रेत्तीच्या नावावर सांगितला जातो.

एमनला दुर्दैवी म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. एक तर जे जगज्जेतेपदाच्या यादीत धरलं जात नव्हतं ते तो जिंकत होता: १९६९ची टास्मन मालिका, १९७०ची सिल्व्हरस्टोनची इंटरनॅशनल ट्रॉफी, १९७१ची अर्जेंटिना. दुसरं म्हणजे त्या काळात दुर्दैव या शब्दाला वेगळा अर्थ होता. क्लार्क, मॅकलारेन, करेज, रिंट, सिफर्ट, सेव्हेर, एकेक करून सगळे गेले. १९७६ला न्यूरबर्गरिंगवर लाउडाची गाडी पेटल्यावर शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा एमनने गाडीत बसायला नकार दिला. नोकरी गेली. तो शेतीवर परतला, टोयोटासाठी गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम केलं आणि २०१६ला, त्र्याहत्तराव्या वर्षी, रोटोरुआत वारला. त्याने स्वतः कायम आपण नशीबवान असल्याचं सांगितलं, आणि ते नम्रतेने बोललेलं नव्हतं.

बाकीच्या नावांकडे धावती नजर टाकू. टोनी शेली १९६२पुरता. हाउडन गॅनली मॅकलारेनमध्ये मेकॅनिक होता आणि तिथून चालक झाला. ग्रॅहम मॅकरेने स्वतःच्या नावाच्या फॉर्म्युला ५००० गाड्या बांधून अमेरिकेत विकल्या, १९७२ची तिथली मालिका जिंकली, पण ग्रां प्री एकच केली. जॉन निकल्सन मुळात इंजिनं बांधणारा. आणि माइक थॅकवेल: १९८०ला कॅनडात एकोणिसाव्या वर्षी रांगेत उभा राहिला, सुरुवातीलाच धडकाधडकी होऊन शर्यत थांबली आणि फेरसुरुवातीला त्याची गाडी संघातल्या वरिष्ठाला देऊन टाकली गेली. १९८४ला तो फॉर्म्युला टूचा युरोपीय विजेता झाला आणि तिशीच्या आत या खेळातून बाहेर पडला.

थॅकवेलपाशी दार बंद होतं, आणि ते गुणवत्ता आटली म्हणून बंद झालं नाही. गॅरेजात राबून जागा मिळवण्याची हल्म-गॅनलीची वाट ऐंशीच्या दशकात बुजली. आता लहानपणी कार्टिंग, मग युरोपात एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर कोट्यवधी रुपयांचा प्रायोजक. टास्मन मालिका १९७५ला संपली होती. युरोपचा हंगाम लांबत गेला, चालकांना जानेवारीत पोहायला जायची फुरसत उरली नाही. म्हणजे नेमकी जी गोष्ट न्यूझीलंडला फुकट मिळत होती ती गेली. आपल्याकडे एकशे चाळीस कोटींत फॉर्म्युला वनपर्यंत पोचले ते दोघे, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक. ही वाट किती अरुंद आहे हे त्यावरूनही कळावं.

पण पोरं थांबली नाहीत. त्यांनी दुसरी दारं ठोठावली. सर्वांत जवळचं ऑस्ट्रेलियाचं. जिम रिचर्ड्सने बाथर्स्टची शर्यत सात वेळा जिंकली, ग्रेग मर्फीने चार वेळा. (हल्मचा शेवटही तिथेच झाला. १९९२ला बाथर्स्टवर धावताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. गाडी कडेला थांबली ती अलगद.) पुढे २०१६ ते २०२२ या सात वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेचं अजिंक्यपद शेन व्हॅन गिस्बर्गन आणि स्कॉट मॅकलॉक्लिन या दोघांनी प्रत्येकी तीनदा नेलं.

अमेरिकेत स्कॉट डिक्सन. आई-वडील न्यूझीलंडचे, जन्म ब्रिस्बेनचा, वाढला ऑकलंडमध्ये. तेराव्या वर्षी खास सवलतीने त्याला शर्यतीचा परवाना मिळाला. पुकेकोहेला त्याची निस्सान उलटली आणि आतून बाहेर आला तो पाठीला उशी बांधलेला पोरगा, कारण उशीशिवाय पाय पेडलला पुरत नव्हते. परदेशी जायला पैसा नव्हता, तेव्हा त्याच्या हितचिंतकांनी त्याच्या नावाने कंपनी काढून भाग विकले. इंडीकारची अजिंक्यपदं सहा: २००३, २००८, २०१३, २०१५, २०१८, २०२०. शिवाय २००८ची इंडियानापोलिस ५००. या मालिकेच्या इतिहासात त्याच्यापेक्षा जास्त विजय फक्त ए. जे. फॉइटचे आहेत. २००४ला विल्यम्सने त्याला फॉर्म्युला वनची चाचणी दिली होती, त्यातून पुढे काही निघालं नाही. निघालं असतं तर एखाद्या मागच्या रांगेतल्या संघात दोन हंगाम आणि घरवापसी, असंच बहुधा घडलं असतं.

सहनशक्तीच्या शर्यतींत तर हा देश पुन्हा १९६६च्या जागेवर आला. २०१७ला ल मॉं जिंकणाऱ्या पोर्शेच्या तीन चालकांपैकी दोघे, ब्रेंडन हार्टली आणि अर्ल बॅम्बर, न्यूझीलंडचे. हार्टलीला रेड बुलने २०१०लाच कनिष्ठ गटातून काढून टाकलं होतं. ल मॉं आणि विश्व सहनशक्ती अजिंक्यपद जिंकणाऱ्या त्या माणसाला २०१७च्या शेवटी त्याच कंपनीने फॉर्म्युला वनमध्ये बोलावलं, पंचवीस शर्यतींनंतर पुन्हा सोडलं. टोयोटाने घेतलं आणि त्याने आणखी दोन ल मॉं जिंकल्या. जपानमध्ये निक कॅसिडीने सुपर जीटी आणि सुपर फॉर्म्युला ही दोन्ही अजिंक्यपदं मिळवली. विजेवरच्या फॉर्म्युला ईमध्ये तो आणि मिच एव्हान्स दोघेही उपविजेते झाले. हेडन पॅडनने २०१६ला अर्जेंटिनाची जागतिक रॅली जिंकली. ड्युनेडिनची एमा गिल्मर २०२२ला एक्स्ट्रीम ई मालिकेत उतरली ती मॅकलारेनची पहिली महिला अधिकृत चालक म्हणून.

आणि व्हॅन गिस्बर्गन. २ जुलै २०२३ला शिकागोच्या भिजलेल्या रस्त्यांवर त्याने नॅसकार कप मालिकेतली पहिलीच शर्यत जिंकली. पदार्पणातच जिंकण्याचं हे काम त्याआधी १९६३ला घडलं होतं. २०२५ला पूर्ण हंगाम खेळताना त्याने पाच शर्यती जिंकल्या, पाचही वळणावळणाच्या सर्किटांवर. अंडाकृती ट्रॅकवर तो अजून धडपडतो, आणि नॅसकारचं कॅलेंडर मुख्यतः अंडाकृती आहे.

दरम्यान जानेवारी परत मिळवण्याचाही प्रयत्न झाला. २००५ला टोयोटाच्या नावाने एकाच घडणीच्या गाड्यांची मालिका सुरू झाली; पाच-सहा आठवड्यांत भरपूर शर्यती, युरोपात बर्फ असताना सराव. आता जगज्जेते येत नाहीत, जगज्जेते होऊ पाहणारे येतात. २०१५ला लान्स स्ट्रोल जिंकला, २०१६ला लँडो नॉरिस. हाच नॉरिस २०२५ला मॅकलारेनमधून जगज्जेता झाला. २०१७ला मॅनफिल्डवरची न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली मुंबईच्या जेहान दारूवालाने. आपल्या वर्तमानपत्रांनी तिला क्रिकेटच्या पानावर जेमतेम चौकट दिली असेल. २०२१ला साथीमुळे परदेशी येऊ शकले नाहीत, तेव्हा ही ग्रां प्री व्हॅन गिस्बर्गनने पिट लेनमधून निघून सगळ्यांना मागे टाकत जिंकली. तरी टास्मन आणि ही मालिका यांत फरक आहे. तेव्हा परदेशी पाहुणे स्थानिक पोरांच्या देशात शिकवायला येत. आता ते शिकायला येतात आणि त्याचे पैसे मोजतात. स्थानिक पोरालाही तेवढेच मोजावे लागतात. पुकेकोहेचं सर्किट २०२३च्या एप्रिलमध्ये मोटारींसाठी बंद झालं. त्या मैदानावर आता फक्त घोडे धावतात.

पुकेकोहेतच वाढलेला लियम लॉसन २०१९ला ही मालिका जिंकून युरोपात गेला. २०२३ला डॅनियल रिकार्डोचा हात मोडला म्हणून झांडव्होर्टला त्याला बदली चालकाची संधी मिळाली, सिंगापूरला तो नववा आला. २०२५ला रेड बुलने त्याला व्हर्स्टॅपनच्या शेजारी बसवलं आणि दोन शर्यतींनंतर, तिसऱ्या आठवड्याची वाटही न पाहता, धाकट्या संघात परत धाडलं. सप्टेंबरात बाकूला त्याच धाकट्या संघाच्या गाडीत तो पाचवा आला. तिकडे अमेरिकेत डिक्सन २००२च्या मध्यावर ज्या संघमालक चिप गनासीकडे गेला, त्याच्याच गाडीत त्याही हंगामात धावत होता, आणि मिड-ओहायोची शर्यत त्याने जिंकली होती.